पुस्तकाआधी वाचक द्या

मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ, मुंबई



राज्य शासन दरवर्षी उत्कृष्ट मराठी वाङ्मयाला पुरस्कार देतं. त्यात प्रथम प्रकाशनाचा वेगळा गट आहे, आणि कवितेच्या पहिल्या पुस्तकाचा पुरस्कार बहिणाबाई चौधरींच्या नावाचा आहे. नाव ठेवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण ज्या बाईंच्या नावाने पहिल्या पुस्तकाचं कौतुक होतं, त्यांना स्वतःचं पहिलं पुस्तक पाहायला मिळालं नाही. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या आणि ‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ साली निघालं. ते त्यांच्या हयातीत निघालं असतं तरी त्यांना वाचता आलं नसतं, कारण अक्षरओळखच नव्हती. पुस्तक नावाची वस्तू त्यांच्या कवितेच्या वाटेत कधी आलीच नाही, तरी त्या मराठीतल्या थोर कवयित्री. म्हणून पुरस्काराचं नाव बदला, असं काही मला सुचवायचं नाही. ते राहूच द्या. त्या नावातून जो प्रश्न उभा राहतो त्याकडे मंडळाने लक्ष द्यावं, एवढ्यासाठी हे पत्र. लिहू पाहणाऱ्या माणसाची वाढ नेमकी कशाने होते, आणि आपल्या योजना त्या वाढीला हात लावतात की ती आपोआप झाली असं धरून शेवटी हार घालायला येतात?

पत्र दीपनगरहून लिहिते आहे. भुसावळहून वरणगावच्या दिशेने निघालं की फेकरीजवळ ज्या चिमण्या दिसतात ते भुसावळ औष्णिक वीजकेंद्र, आणि तिथल्या नोकरदारांची वसाहत म्हणजे दीपनगर. ५०० मेगावॅटचे दोन संच आणि आता ६६० मेगावॅटचा नवा संच. कोळसा रेल्वेने येतो, पाणी तापीचं, राख वेल्हाळ्याच्या तलावात जाते, आणि जी जात नाही ती आमच्या दोरीवरच्या कपड्यांवर बसते. इथली माणसं वऱ्हाडातून, मराठवाड्यातून, कोकणातून, कुणी थेट बिहारमधून आलेली. अधिकारी बदलीवर, कंत्राटी मजूर आजूबाजूच्या गावांतले. पलीकडे वरणगावची आयुध निर्माणी, अलीकडे भुसावळचं रेल्वे जंक्शन. त्यापलीकडे यावल-रावेरच्या केळीच्या बागा. घरात एक बोली, शाळेत पुस्तकी मराठी, बाजारात हिंदी, असं बोलत मोठी झालेली पोरं या पट्ट्यात पुष्कळ आहेत, आणि त्यातली पुष्कळ लिहितात. साहित्याच्या नकाशावर हा भाग ओसाड आहे अशी कुणाची समजूत असेल तर ती चुकीची आहे. लिहिणाऱ्यांची टंचाई इथे कधीच नव्हती.

टंचाई दुसऱ्याच गोष्टीची आहे, आणि ती समजायची तर या पोरांची महत्त्वाकांक्षा कोणत्या वाटेने चालते ते पाहावं लागेल. आधी मोबाइलवर कविता पडते. चार जणांनी ‘वा’ म्हटलं की तालुक्याच्या कविसंमेलनात तीन मिनिटं मिळतात. मग कुणीतरी सुचवतं, आता संग्रह काढ. प्रकाशक छपाईचा खर्च कवीकडून घेतो, तीनशे-पाचशे प्रती काढतो आणि त्यातल्या बऱ्याचशा कवीच्याच घरी पाठवतो. प्रकाशन सोहळा होतो. शाल, श्रीफळ, चौकात फ्लेक्स. त्यानंतर पुरस्कारांचे प्रस्ताव सुरू होतात: पुस्तकाच्या दोन प्रती, अल्पपरिचय, पासपोर्ट आकाराचा फोटो, कुठे कुठे प्रवेशशुल्कसुद्धा. दोन-तीन वर्षांत अल्पपरिचयात पाच पुरस्कार जमतात आणि कॉटखाली न विकलेल्या प्रतींचं खोकं उरतं. यात कुणाची लबाडी आहे असं मी म्हणत नाही. कवी भाबडा असतो, प्रकाशकाला छापखान्याचं बिल द्यायचं असतं, संयोजकांना कार्यक्रम उभा करायचा असतो. पण या सगळ्या वाटेवर एकही मुक्काम असा लागत नाही जिथे कुणी हस्तलिखित हातात घेतं, पेन्सिल काढतं आणि म्हणतं, ‘ही तिसरी ओळ तुझी नाही, कुठेतरी ऐकलेली आहे, पाचवी तुझी आहे, तिथून सुरू कर.’ पहिलं पुस्तक हाती येतं ते बहुतेक वेळा असा एकही वाचक न लाभता. मग ज्याला वाढायला अजून दहा वर्षं हवी होती, तो बाविसाव्या वर्षी ‘सुप्रसिद्ध कवी’ होऊन थांबतो.

माझं म्हणणं एका वाक्यात मांडते. नव्या लेखकाला पुस्तकाच्या आधी वाचक लागतो, आणि शासनाला नव्या लेखकासाठी काही करायचं असेल तर तो वाचक पुरवणं हे पहिलं काम आहे. याला आधार हवा तर बाहेर जायला नको, खानदेशातच आहे.

बहिणाबाईंपासूनच सुरुवात करू. त्यांना कुणाची मदत नव्हती, प्रतिभा होती म्हणून त्या तरल्या, असं नेहमी सांगितलं जातं. आसोद्याची ही बाई जात्यावर, शेतात काम करता करता गात होती हे खरं. पण ती गाणी आपल्यापर्यंत आली ती मुलगा सोपानदेव आणि एका नातलगाने कागदावर उतरवून घेतली म्हणून. सोपानदेव स्वतः कवी होते. काय ऐकतो आहोत हे त्यांना कळत होतं. पुढे ते कागद आचार्य अत्र्यांच्या नजरेस पडले आणि त्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. पहिल्या आवृत्तीत कविता होत्या अवघ्या ३५. एका आयुष्यभराच्या गाण्यातून ३५. बाकीची पुष्कळशी हवेत विरली, कारण त्या वेळी जवळ कागद-पेन्सिल घेऊन कुणी बसलेलं नव्हतं. तेव्हा बहिणाबाईंचं उदाहरण ‘प्रतिभा आपली वाट काढते’ या मताच्या बाजूचं नाही, विरुद्ध बाजूचं आहे. प्रतिभा पूर्ण होती. वाट निघाली ती ऐकणारा जितका पुरला तितकीच.

दुसरं नाव धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांचं. १९०७ साली जळगावला मराठीतलं पहिलं कविसंमेलन भरलं, डॉ. कीर्तिकर अध्यक्ष होते. तिथे या सतरा वर्षांच्या आतल्या मुलाने कविता म्हटली आणि त्याला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. आपण गोष्ट इथेच संपवतो, कारण पदवी आणि टाळ्या आपल्याला आवडतात. पण त्या संमेलनाने त्याला पदवीपेक्षा मोठं काही दिलं असेल तर ते म्हणजे जाणती माणसं. पुढच्या काळात रेव्हरंड टिळकांनी त्याला अहमदनगरला आपल्या घरी ठेवून घेतलं. स्वतः कवी असलेल्या माणसाच्या घरात, रोज कविता ऐकणाऱ्या-ऐकवणाऱ्यांच्या पंगतीत तो मुलगा राहिला. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या ‘स्मृतिचित्रां’मध्ये त्या घरातला ठोंबरे भेटतो, रुसवेफुगवे आणि हट्टांसकट. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली बालकवींचा अंत झाला, तेव्हा वय २७. भादली इथून फार लांब नाही. भुसावळहून जळगावला जाताना लागतं. आजच्या संमेलनांच्या कविकट्ट्यावर शेकडो जण कविता वाचतात. त्यांतल्या किती जणांना दुसऱ्या दिवशी ‘घरी ये, वही घेऊन ये’ असं म्हणणारं कुणी भेटतं?

आणि तिसरं, सगळ्यांत बोलकं उदाहरण अमळनेरचं. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात तिथे प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि वसतिगृहाचं कामही पाहत. त्या वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं दैनिक काढत, तेही हाताने लिहून. छापखाना नाही, वर्गणी नाही, वाचक म्हणाल तर खोल्यांतून राहणारी मुलं. रोज कुणीतरी आपलं लिहिलेलं वाचणार आहे, आणि ज्यांच्यासाठी लिहिलं ती पोरं समोरच जेवायला बसणार आहेत, या धाकात आणि आनंदात त्यांनी लेखणी घासली. १९२८ला त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केलं ते त्यानंतर. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, अठरा अध्यायांची अठरा प्रवचनं झाली. ती शब्दशः टिपून घेणारे साने गुरुजीच होते. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आज आहे ते त्या लिहून घेणाऱ्या हातामुळे. आणि पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिलं. त्या पुस्तकाचा घाट आठवा. श्याम रोज रात्री आश्रमातल्या सोबत्यांना एकेक आठवण सांगतो. प्रकरणांना नावंच ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी. पुस्तकाच्या आतच ऐकणारी मंडळी बसवलेली आहेत. अमळनेरच्या वसतिगृहात आणि धुळ्याच्या बराकीत जो माणूस कधी सांगणारा, कधी लिहून घेणारा झाला होता, त्याला तोच घाट सुचावा यात मला नवल वाटत नाही.

याच्या अगदी उलट वाटणारा माणूस म्हणजे भालचंद्र नेमाडे. यावल तालुक्यातल्या सांगवीचे, जन्म १९३८चा. १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने ‘कोसला’ छापली तेव्हा वय पंचवीस. बंडखोर, कुणाचं न ऐकणारा, एकटा, असं त्यांचं चित्र रंगवलं जातं. पण ती सगळी पिढी लघुनियतकालिकांची होती. नेमाड्यांनी स्वतः ‘वाचा’ हे अनियतकालिक चालवलं. लघुनियतकालिक म्हणजे तरी काय, खिशातले पैसे घालून शे-दोनशे माणसांनी एकमेकांचं वाचणं, फाडून काढणं, पुन्हा लिहायला लावणं. तिथे शाल-श्रीफळ नव्हतं, पण तिथला नकार वाचून दिलेला असे. खानदेशातून पुण्याला गेलेल्या ‘कोसला’च्या नायकाची, पांडुरंग सांगवीकराची भाषा इतक्या कमी वयात इतकी निर्भय झाली, ती अशा वातावरणात.

इथे एक खरा आक्षेप निघतो, आणि तो मला टाळायचा नाही. ही चार नावं यशस्वी झाली म्हणून आपल्याला माहीत आहेत. वाचक लाभूनही पुढे काहीच न झालेली शेकडो माणसं असतील. त्यांची मोजदाद कुणी केली आहे? मग वाचक मिळाला म्हणून लेखक घडला, असं कशावरून? आक्षेप रास्त आहे, आणि वाचक मिळाला की लेखक घडतोच असा माझा दावाही नाही. खत घातलं म्हणून प्रत्येक केळीला घड लागत नाही, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. तरी तो खत घालायचं सोडत नाही. माझा दावा इतकाच की वाचक नसला तर जे होतं ते आपल्याला दिसतं. बहिणाबाईंच्या हरवलेल्या गाण्यांमध्ये ते दिसतं, आणि आजच्या कॉटखालच्या खोक्यांमध्येही दिसतं. मंडळ ज्या पैशाने पुस्तकं काढतं तो पैसा वाचकावर खर्च केला तर महान लेखकांची संख्या वाढेल की नाही हे कुणीच सांगू शकणार नाही. न पिकलेली पुस्तकं कमी होतील, एवढं मात्र नक्की.

दुसरा आक्षेप तरुणांकडून येतो, माझ्याच बरोबरीच्यांकडून. वाचक हवा तर मोबाइल आहे की. आज कविता टाकली तर रात्रीपर्यंत दोनशे जण वाचतात. बहिणाबाईंच्या नशिबी हे कुठे होतं? खरं आहे, आणि त्याचा मोठा फायदा झाला आहे. ज्यांना कुणी व्यासपीठावर उभं केलं नसतं त्यांना त्यामुळे आवाज मिळाला. पण दोनशे अंगठे म्हणजे वाचन नव्हे. अंगठा दाखवणारा माणूस सांगत नाही की कुठे तो अडखळला. आणि हळूहळू लिहिणाराही अंगठ्यांच्या मागे जातो. म्हणून दीपनगरच्या मुलाच्या कवितेत आईचा पदर येतो, मोर येतो, पहिला पाऊस येतो, आणि खिडकीतून दिसणारी चिमणी येत नाही. कुणी जाणतं समोर असतं तर त्याने विचारलं असतं, ‘पाऊस ठीक आहे, पण तुझ्या घराच्या गच्चीवर पावसाआधी काय पडलेलं असतं? पहिल्या सरीने राख भिजली की तिचा रंग कसा होतो, तिचा वास कसा येतो? संच अचानक बंद पडला की घरातली माणसं फोन कशी उचलतात?’ एवढे तीन प्रश्न, आणि ती कविता दुसऱ्या रस्त्याला लागते. ना. धों. महानोरांनी १९६७च्या ‘रानातल्या कविता’मध्ये पळसखेड्याच्या शेताला शब्द दिले. त्याच्या वर्षभर आधी नारायण सुर्व्यांनी ‘माझे विद्यापीठ’मध्ये मुंबईच्या कामगाराला दिले. वीजकेंद्राची वसाहत मात्र मराठी कवितेत शोधावी लागते. आमच्या आयुष्यात लिहिण्यासारखं काही नाही, असं इथल्या पोरांना वाटतं, आणि तसं नाही हे सांगायला मोबाइल पुरत नाही.

भाषेचं तर त्याहून अवघड. जळगाव-धुळ्यात अहिराणी आहे, लेवा गणबोली आहे, तावडी आहे. नंदुरबारकडे भिली, पावरी. जो मुलगा घरी ‘शे’ म्हणतो तो कागदावर ‘आहे’ लिहितो, आणि लिहिताना घाबरतो. शाळेने त्याची बोली तांबड्या शाईने खोडलेली असते. मग त्याची मराठी शुद्ध होते, पण बेचव. याच प्रदेशात वाहरू सोनवण्यांसारखा कवी भिली आणि मराठी दोन्ही घेऊन उभा राहिला, ‘गोधड’सारखा संग्रह दिला. हे होऊ शकतं हे माहीत असणारा, आणि कुठे बोली ठेवायची, कुठे नाही हे ओळीगणिक सांगू शकणारा वाचक लागतो. तो मुंबईत बसलेला असून चालत नाही. अहिराणीतलं हस्तलिखित अहिराणी कानाच्या माणसानेच वाचायला हवं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद सगळ्यांना झाला. पण अभिजात म्हणताना प्राचीन ग्रंथांचा विचार होतो, तसा बोलींत आज जे कच्चं लिहिलं जातं आहे त्याचाही व्हावा.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो मंडळाच्या हितचिंतकांचा आहे. लेखक घडवणं हे सरकारचं काम आहे का? सरकार वाचक नेमेल तर उद्या काय लिहावं हेही सांगेल. या भीतीला कारण आहे. डिसेंबर २०२२मध्ये कोबाड गांधी यांच्या पुस्तकाच्या अनघा लेले यांनी केलेल्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला पुरस्कार शासनाने रद्द केला, निवड समितीही बरखास्त केली, आणि निषेध म्हणून काही जणांनी राजीनामे दिले. ते प्रकरण विसरून नवोदितांसाठी सरकारी योजना मागणं भाबडेपणाचं ठरेल. पण नीट पाहिलं तर सत्तेचा हात पोचतो तो निवडीपर्यंत: कुणाला पुरस्कार, कुणाला अनुदान, कुणाचं पुस्तक. जितकं बक्षीस मोठं, तितकी ढवळाढवळ करायची इच्छा मोठी. हस्तलिखित वाचून पेन्सिलने खुणा करणाऱ्याकडे वाटण्यासारखं काही नसतं. त्याचा अभिप्राय मानायचा की फाडायचा हे लिहिणाराच ठरवतो. शिवाय हे काम मंत्रालयातून चालू नये असंच मला म्हणायचं आहे. पैसा मंडळाचा असावा, जागा सार्वजनिक वाचनालयाची असावी, आणि वाचणारे जिल्ह्यातले लेखक, भाषेचे प्राध्यापक, निवृत्त शिक्षक, अनुवादक असावेत. सत्तेला ढवळायला फारसं काही हाती लागणार नाही, इतकं ते पसरलेलं आणि लहान असावं.

योजना आहेत की, असंही कुणी म्हणेल. आहेत. मंडळाची नवलेखक अनुदान योजना कित्येक वर्षं चालू आहे. ज्याचं एकही पुस्तक आलेलं नाही त्याचं पहिलं पुस्तक तिच्यामुळे निघतं, आणि स्वखर्चाच्या सापळ्यातून काही जण तरी वाचतात. पण तीही पुस्तकापाशीच सुरू होते. केंद्राने २०२१ साली तरुण लेखकांसाठी ‘प्रधानमंत्री युवा’ योजना काढली. निवडलेल्या ७५ जणांना सहा महिने मार्गदर्शन आणि महिना ५० हजार रुपये. मार्गदर्शन हा शब्द त्यात आहे, ही चांगली गोष्ट. पण साऱ्या देशात ७५, आणि विषय आधीच नेमून दिलेला. वीस वर्षांच्या मुलीला स्वातंत्र्यलढ्यावर लिही म्हणणं आणि तू काय लिहिलंस ते दाखव म्हणणं, यात फरक आहे. राहिल्या कार्यशाळा. दोन दिवसांच्या कार्यशाळेत ‘कथा कशी लिहावी’ यावर भाषण होतं, गटचर्चा होते, प्रमाणपत्र मिळतं. चौथ्या खर्ड्याच्या वेळी मात्र कुणी सोबत नसतं, आणि लेखक घडतो तो चौथ्या खर्ड्यालाच.

पैशाचंही बोलू. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनासाठी राज्य शासन आता दोन कोटी रुपये देतं. फेब्रुवारी २०२४मध्ये अमळनेरला ९७वं संमेलन झालं, प्रताप महाविद्यालयाच्या आवारात, आणि त्या नगरीला साने गुरुजींचं नाव होतं. गर्दी झाली, पुस्तकं विकली गेली. त्याच दिवसांत गावात विद्रोही संमेलनही भरलं. खानदेशाला संमेलनं नवी नाहीत: १९३६ला जळगाव, १९४४ला धुळे, १९५२ला अमळनेर, १९८४ला पुन्हा जळगाव. संमेलनाला माझा विरोध नाही; तीन दिवसांच्या जत्रेचं आपलं एक काम असतं. पण मांडव उतरला की उरतं काय? महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालचा आहे, गावोगाव अनुदानित वाचनालयं आहेत, आणि त्यातल्या कित्येकांत संध्याकाळी वर्तमानपत्रं वाचणारी चार माणसं सोडली तर खुर्च्या रिकाम्या असतात. एक टेबल, एक दिवा, महिन्यातून दोन शनिवार, आणि वाचणाऱ्याला सन्मानाने द्यावं असं मानधन. एका संमेलनाच्या रकमेचा लहानसा तुकडा एवढ्याला पुरेल.

माझ्या पिढीचा दोषही लपवून ठेवत नाही. आम्हाला लिहायचं असतं त्यापेक्षा लेखक म्हणवून घ्यायची घाई असते. हस्तलिखित परत आलं की आम्ही परत पाठवणाऱ्याला गटातटाचा म्हणतो. ‘हे पुन्हा लिही’ हे वाक्य ऐकायची सवय आम्हाला कुणी लावली नाही हे खरं, पण ती लागावी अशी इच्छा आम्हीही फारशी दाखवली नाही. वाचनाचं म्हणाल तर दिवाळी अंकात आपली कविता आली आहे का तेवढं पान उघडणारे आमच्यात कमी नाहीत. म्हणून मंडळाने वाचक दिला की तरुण रांगा लावतील, असं मी लिहून देऊ शकत नाही. पहिल्या वर्षी दहा जण येतील. त्यातले चार तिसऱ्या बैठकीला गळतील, कारण कौतुक मिळणार नाही. उरलेल्या सहांची महत्त्वाकांक्षा मात्र वेगळी झालेली असेल. त्यांना पुस्तक कधी येणार याची घाई उरणार नाही, कारण कुणीतरी वाचतं आहे ही भूक दर महिन्याला भागत असेल.

मागणी तीनच गोष्टींची. नवलेखक योजनेकडे आलेल्या प्रत्येक हस्तलिखिताला, मग ते स्वीकारलेलं असो वा नाकारलेलं, वाचणाऱ्याच्या सहीचा निदान दोन पानांचा लेखी अभिप्राय मिळावा. ‘दर्जा समाधानकारक नाही’ एवढ्या ओळीने कुणी वाढत नाही. बोलीतलं हस्तलिखित त्या बोलीच्या जाणकाराकडेच जावं. आणि जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत मंडळाने प्रयोग म्हणून तीन वर्षं वाचनालयातला हा हस्तलिखित-वाचक नेमून पाहावा, कुणाला पुरस्कार न देता, कुणाचं पुस्तक न काढता. तीन वर्षांनी हिशेब मांडताना किती पुस्तकं निघाली हे विचारू नका. किती जणांनी तेच लिखाण चार वेळा लिहिलं हे विचारा.

मंडळ १९६० साली स्थापन झालं, तेव्हा पहिले अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी होते. ते धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे. खानदेशाने मंडळाला पहिला अध्यक्ष दिला आहे. मंडळाने खानदेशाला एक वाचक द्यावा. भुसावळ, अमळनेर, शिरपूर, शहादा, कुठूनही सुरुवात करा. वह्या इथे लिहून तयार आहेत.

कळावे.

आपली,
लिहू पाहणारी एक वाचक
दीपनगर, ता. भुसावळ, जि. जळगाव